चौथ्या गाण्याचा पट्टा

शुक्रवारी चार वाजता पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर विभागात कुणी तक्रार घेऊन आलं, तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवत असत. आत संगीत चालू असे. संगीत म्हणजे गाणंबिणं नाही, गाण्यांवरची मतं. ही टूम मॅडमची. दर सोमवारी त्या फळ्यावर एका नव्या अल्बमचं नाव लिहीत. विभागातल्या सगळ्यांनी तो आठवडाभरात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि शुक्रवारी चहाच्या वेळी आपलं मत सांगायचं. मत मग एका जाड वहीत उतरे. "माणसानं मीटरच्या पलीकडेही काही ऐकावं," असं मॅडमचं म्हणणं होतं.

विभागात मॅडम धरून चौघं. टायपिस्टबाईंना सगळंच आवडे. नकाशेवाल्यांना सगळंच जुनं वाटे, कालचं सुद्धा. चौथे आवक-जावकचे टेबल सांभाळणारे. त्यांचं नाव हजेरीपत्रकात असेलही, पण वीस वर्षं शिक्के मारून मारून ते 'शिक्केवाले' झाले होते आणि घरी फोन आला तरी तसंच सांगत.

शिक्केवाल्यांची अडचण साधी होती. गाणं लागलं की त्यांना झोप येई. पहिल्या गाण्याला मान डुलायची, ती दाद नसायची. दुसऱ्याला डोळे मिटायचे, ती समाधी नसायची. तिसऱ्याला घोरणं सुरू व्हायचं आणि मग कुणाचाच गैरसमज राहायचा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी "बरं आहे" आणि "ठीक आहे" अशी दोन मतं दिली. मॅडमनी वही मिटून त्यांच्याकडे पाहिलं.

"शिक्केवाले, तुम्ही ऐकता ना?"

"म्हणजे काय मॅडम."

त्या रात्री जेवताना त्यांनी हा प्रश्न बायकोपुढे ठेवला. बायको घरी शिवणकाम करी. तिच्या मशीनचा खडखडाट सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले.

"अगं, तू ऐकून दोन ओळी लिहून देशील का? तू जागी असतेसच."

"आणि मशीन कोण चालवणार?"

"हात मशीनवर, कान गाण्यावर."

बायकोनं जरा विचार केला आणि होकार दिला. शिक्केवाल्यांना इतक्या लवकर होकाराची सवय नव्हती, पण त्यांनी तो मुकाट्यानं पदरात पाडून घेतला.

शुक्रवारी डब्यात भाजीच्या वाटीखाली चिठ्ठी निघाली. चहाच्या वेळी त्यांनी ती टेबलाखाली धरून मोठ्यानं वाचली. "दुसरं दणकट. पाचव्यात बेअरिंग सैल आहे, नुसता आवाज करतं, काम करत नाही. शेवटच्याला तेल जास्त झालंय."

नकाशेवाल्यांनी चष्मा काढला. टायपिस्टबाईंनी कप खाली ठेवला. मॅडम स्वतःच वहीत लिहू लागल्या.

"शेवटच्याला तेल जास्त," त्या पुटपुटल्या. "अहो, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता."

बायको शिलाई मशीनच्या भाषेत बोलते आहे, हे शिक्केवाल्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी चेहरा गंभीर ठेवला आणि दोन बिस्किटं जास्त घेतली.

पुढचे चार आठवडे विभाग शुक्रवारची वाट पाहू लागला. 'हे नवं यंत्र आहे, अजून रुळायचंय.' 'सगळं जागेवर, पण कुणी हाकत नाही.' ही वाक्यं जिन्यावर, कॅन्टीनमध्ये ऐकू यायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे साहेब एकदा फक्त ऐकायला म्हणून खाली आले. नकाशेवाले तर एका नकाशाबद्दल "याला तेल जास्त झालंय" म्हणाले. वीस वर्षांत शिक्केवाल्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. आता लोक वाट अडवून विचारत होते. खोटेपणा टोचत नव्हता असं नाही, पण मान मोठा गोड लागतो आणि शिक्केवाल्यांना तो पहिल्यांदाच वाढला जात होता.

आठव्या सोमवारी मॅडमनी फळ्यावर नाव लिहिलंच नाही. प्रत्येकाच्या हाती एक पेनड्राइव्ह दिला.

"गाणारी कोण ते शुक्रवारी सांगेन. आधी मत. अगदी खरं मत. शिक्केवाले, मी विशेषतः तुमची वाट पाहतेय."

हे 'विशेषतः' शिक्केवाले दोन दिवस बरोबर घेऊन फिरले. सुट्टीचा रविवार शुक्रवारनंतरच येणार होता, म्हणून बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून ते दुपारी घरी आले. निदान एकदा स्वतः ऐकावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पलंगावर बसले, पेनड्राइव्ह प्लेअरला जोडून कानांत इयरफोन घातले. तिसऱ्या गाण्याला ते नेहमीप्रमाणे आडवे झाले. चौथ्याला मात्र काही कारण नसताना त्यांना जाग आली. डास नव्हता, दारावर कुणी नव्हतं. ते उठले, पाणी प्यायले आणि पाचव्या गाण्याला पुन्हा गाढ झोपले. शेवटी त्यांनी पेनड्राइव्ह बायकोच्या मशीनवर ठेवून दिला.

शुक्रवारी टायपिस्टबाई म्हणाल्या, "छान आहे." नकाशेवाले म्हणाले, "जुनं आहे, पण छान आहे." शिक्केवाल्यांनी टेबलाखालून वाचायला सुरुवात केली. "यंत्र चांगलं आहे. चौथ्यात पट्टा घसरतो. ढोल अर्धा दात मागे पडतो आणि गाणारी त्याच्यासाठी थांबून राहते. घाबरून थांबते. बाईचा दोष नाही, पट्ट्याचा आहे. दुरुस्त होण्याजोगं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ही माझी मुलगी," त्या म्हणाल्या. "आणि ती बाहेर बाकावर बसली आहे."

शिक्केवाल्यांच्या हातातली चिठ्ठी बशीत पडली. दार उघडलं आणि पंचविशीची एक मुलगी आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मीटर विभागाची दारं काही तितकी जाड नव्हती.

"काका, चौथ्यात कुठे घसरतो?"

"मुली, ते आपलं मी असंच…"

"नाही, असंच नाही. सहा महिने मला त्या गाण्यात काहीतरी खुपतंय. सगळे छान म्हणतात. छान म्हणजे लोकांनी ऐकलेलंच नसतं. मी आईला कबूल करून बसलेय, कुणी एकानं जरी नीट ऐकून सांगितलं तर पुढे गाईन. नाहीतर पहिल्या तारखेपासून मावशीच्या ऑफिसात नोकरीला. तुम्ही पहिलेच. मला फक्त जागा दाखवा."

नेहमी सगळ्यांना बोलायला लावणाऱ्या मॅडम पेनाचं टोपण काढत-घालत होत्या. मुलीनं गावं, एवढंच त्यांना हवं होतं, ते टोपणावरून दिसत होतं.

शिक्केवाल्यांना दोनच रस्ते दिसले. एक, खोटी जागा दाखवायची. पण मुलगी त्यांच्याकडे इतक्या भरवशानं पाहत होती की तो रस्ता तिथेच बंद झाला. दुसरा रस्ता घरी जात होता.

"घरी चला," ते म्हणाले. "तिथे नीट सांगता येईल. म्हणजे… सांगणारं माणूस तिथे आहे."

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"मी गाणं लागलं की झोपतो, मॅडम. पहिल्या आठवड्यापासून. मतं माझ्या बायकोची आहेत."

टायपिस्टबाईंनी "अगंबाई" म्हटलं. नकाशेवाल्यांनी ओठ दाबून हसू आवरलं. मॅडमनी वही काखेत मारली आणि म्हणाल्या, "चला मग. तुमचं नंतर बघू."

घरी बायको मशीनवर होती. दारात नवरा, नवऱ्याची मॅडम आणि एक अनोळखी मुलगी पाहून तिचं कापड वाकडं शिवलं गेलं. शिक्केवाल्यांनी एका दमात सारं सांगून टाकलं आणि तिला म्हणाले, "अगं, हिला चौथ्या गाण्यातली ती जागा दाखव."

बायको उठेना.

"अहो, मी कसली दाखवू? या खडखडाटात मला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही."

"मग चिठ्ठ्या?"

"बाबांच्या."

शिक्केवाल्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. बाबा म्हणजे त्यांचे वडील. चाळीस वर्षं छापखान्यात मशीनवर काढली, कान तिथेच ठेवून आले. पाच वर्षांपासून त्यांना काही ऐकू येत नव्हतं. घरचे त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलत. अलीकडे मुलाचं लिहिणं 'जेवलात?' आणि 'औषध घेतलंत?' एवढ्यावर आलं होतं. ते आठवून शिक्केवाल्यांना लाज वाटली.

"स्पीकर ठेवायला इथे जागा नव्हती, म्हणून मी तो बाबांच्या खोलीत ठेवला," बायको सांगू लागली. "त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. चहा थरथरला. कप काढून हात ठेवला आणि मला हाक मारून म्हणाले, सूनबाई, दुसरं दणकट आहे. मी लिहून घेतलं. त्या दिवसापासून सकाळी उठल्या उठल्या विचारतात, नवीन मशीन आलं का? अहो, किती दिवसांनी ते आपणहून काही विचारत होते. मी कशाला मोडता घालू?"

सगळे आतल्या खोलीत गेले. बाबा खिडकीशी बसले होते. मुलीनं पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चौथं गाणं माझं. पट्टा कुठे घसरतो?'

बाबांनी पाटी वाचली, मुलीला आपादमस्तक पाहिलं आणि ऐकू न येणाऱ्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "लाव."

त्यांनी उजवा तळवा स्पीकरवर ठेवला आणि खूण करून मुलीलाही तिचा तळवा ठेवायला लावला. गाणं सुरू झालं. बाबांचे डोळे मिटलेले. एका जागी त्यांचं बोट चटकन उचललं गेलं.

"इथे."

मुलीनं गाणं मागे नेलं. पुन्हा तीच जागा, पुन्हा बोट. तिसऱ्यांदा बाबांच्या आधी मुलीचंच बोट उचललं गेलं.

"ढोलवाला तुझ्या तोंडाकडे बघून वाजवतो," बाबा म्हणाले. "तू त्याच्याकडे बघतेस. दोघंही एकमेकांची वाट पाहता. मग हाकणार कोण? तू हाक. तो येईल मागून."

मुलगी खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. "आम्ही दोघं समोरासमोर उभं राहूनच रेकॉर्ड केलं होतं," ती म्हणाली. मॅडमनी वही उघडली आणि मान खाली घालून बराच वेळ लिहीत राहिल्या. शिक्केवाल्यांचं 'नंतर' त्या दिवशी काही आलं नाही.

तीन आठवड्यांनी शुक्रवारची बैठक बाबांच्या खोलीत भरली. मुलीनं चौथं गाणं ढोलवाल्याकडे पाठ करून पुन्हा गायलं होतं. मावशीच्या ऑफिसला अजून काही कळवलेलं नव्हतं. आजच्या निकालावर ते ठरणार होतं. स्पीकरभोवती सगळ्यांचे तळवे. टायपिस्टबाईंचा, नकाशेवाल्यांचा, बायकोचा मशीन बंद करून आलेला. शिक्केवाले बाबांना टेकून बसले होते. आता ते रोज संध्याकाळी पाटी घेऊन इथेच बसत, आणि पाटी भरून जाई.

गाणं संपलं. बाबांचं बोट एकदाही उचललं गेलं नव्हतं. ते मात्र नुसते शेजारी पाहत राहिले. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. शिक्केवाले वडिलांच्या खांद्यावर मान टाकून घोरत होते.

मॅडमचा चेहरा कडक झाला. "आजच्या दिवशी तरी? अहो शिक्केवाले…"

"उठवू नका," बाबा म्हणाले. "लहानपणी याची आई मला डबा द्यायला छापखान्यात यायची, हा कडेवर. मशीन नीट चालत असलं की हा तिथेच झोपायचा, आणि कुठे पट्टा घसरला की माझ्या आधी जागा व्हायचा. मी याच्यावरूनच मशीन तपासायचो."

शिक्केवाल्यांच्या बायकोला बुधवारची दुपार आठवली. मधेच उठून पाणी पिणारा नवरा तिनं मशीनवरून पाहिला होता. तिनं ते सगळ्यांना सांगितलं.

मुलीनं झोपलेल्या काकांकडे पाहिलं, मग आईकडे. मॅडमनी वही उघडली, शिक्केवाल्यांच्या नावापुढे मत लिहिलं, 'गाढ झोपले', आणि मुलीला म्हणाल्या, "मावशीला मी कळवते. तू पुढचं गाणं लाव, पण हळू."