मोटारीचं नाक

माझ्या बी.ए.चं श्रेय गिरगावातल्या दत्तूकाका विजयकरांना. देवरुखहून आलेल्या, ओळखदेख नसलेल्या मुलाला त्यांनी आपल्या दोन खोल्यांतली एक दिली. बदल्यात काम एकच: त्यांच्याबरोबर मोटारीतून हिंडून मुंबईच्या हवेतली घाण गोळा करायची.

मोटार जुनी, वडिलांकडून आलेली. इंजिनात हवा जाते तिथे धूळ अडवायला एअर क्लीनर असतो. मूळचा मोडला होता. नवा तेलाच्या भांड्याचा घ्यावा की तारेच्या जाळीचा, हे माझं कॉलेज संपत आलं तरी काकांचं ठरत नव्हतं.

"आधी नाक, मग बाकीचं इंजिन!" असं म्हणून ते हवा जाते त्या तोंडाला पांढरा हातरुमाल बांधत आणि आम्ही निघत. परळला गिरण्यांचा कापूस, रे रोडला लाकडाचा भुसा. परतल्यावर सगळे रुमाल गॅलरीतल्या दोरीवर, कुठली धूळ कशी ते ताडायला; प्रत्येकाला त्या त्या भागाचं नाव.

"अरे, त्याला हात लावू नकोस, तो प्रभादेवी आहे!"

शेजारच्या राधाक्का मालवणच्या. त्या विचारीत, "काय ओ दत्तूभाऊ, गाडयेक पडसा झाला काय?"

"राधाक्का, फोडणी देताना दार लावा. माझं लालबाग बिघडतंय!"

ऑपेरा हाउसजवळचा दुकानदार दोन्ही क्लीनर पुढ्यात ठेवी. "ह्यातलं तेल घाटात सांडेल," काका म्हणत. "आणि ह्या जाळीतून धूळ आत जाईल."

एकदा तो वैतागला. "काका, मुलगी बघायला आल्यासारखे येता आणि कळवतो म्हणून जाता!"

काका दोन्ही क्लीनर तसेच ठेवून बाहेर पडले.

मी राधाक्कांना विचारलं, "मोटार मुंबईबाहेर जात नाही, मग घाटाची काळजी कशाला?"

"त्येंची मुलगी माली पुण्याक आसा," त्या म्हणाल्या. "जावई नोकरी सोडून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात गेलो. तेव्हा हे म्हणाले, तुमच्या घराक पाय लावचंय नाय. आता तो सुटलो, तर हे म्हणतत, गाडी दुरुस्त झाली काय जातंय."

मी काकांना म्हटलं, "आगगाडीनं जाऊ या की."

"आणि तिनं दार उघडलं नाही तर? परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसू? स्वतःची मोटार असली की लगेच वळवता येते रे."

पास झालो आणि मला पुण्यातच नोकरी लागली. पहिल्या रविवारी मालूताईचं घर शोधलं. रात्री लिहिलेलं पत्र हे:

"तीर्थरूप दत्तूकाकांस साष्टांग नमस्कार.

दार मालूताईनंच उघडलं. तुमचं आणि एअर क्लीनरचं नाव काढताच म्हणाली, 'अजून निवडतायत?' हसली, मग रडली. जावई म्हणाले, 'राज्य मिळेपर्यंत थांबलो, सासऱ्यांसाठीही थांबू.' ताई मात्र थांबायला तयार नाही. तिनं सांगितलंय, 'बाबांना लिही, तेलाचाच घ्या. आतल्या खुणेपर्यंतच तेल भरा, म्हणजे घाटात सांडणार नाही. तुम्ही नेहमी जास्त भरता.'

येत्या रविवारी दुपारी जेवायला वाट बघतो."