बदक जड झालंय

"लिही," भिंगसाहेब खिडकीकडे पाठ करून म्हणाला. "'डोळे सगळ्यांना असतात. नजर मात्र लाखात एखाद्यालाच असते. त्या एखाद्याचा पत्ता: तळ्याकाठची दुसरी गल्ली, शिवणकामाच्या दुकानावर, पहिला मजला.' झालं?"

"झालं," ताई म्हणाली. "पण दुकानाचं नाव कशाला? लोक खुनाची खबर घेऊन वर येतील आणि जाताना पडदे शिवायला टाकतील."

"मग त्यात तुझाच फायदा," तो म्हणाला.

दुकान ताईचं होतं आणि वरची खोलीही ताईचीच. भिंगसाहेब तिचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता, म्हणजे दुकानदारांचे तराजू खरे की खोटे ते तपासून त्यांवर शिक्का मारायचा. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्याला एक भिंग भेट दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःला गुप्तहेर म्हणवू लागला. गुप्त असं त्याच्यात काहीच नव्हतं. तो जिना चढायला लागला की तिसऱ्या घरापर्यंत धाप ऐकू जायची. भिंगसाहेब हे नाव गल्लीनं ठेवलं होतं आणि ते मानाचं आहे असा त्याचा समज होता.

आतापर्यंत त्यानं सहा प्रकरणं सोडवली होती. त्यातल्या हरवलेल्या छत्रीच्या प्रकरणात छत्री त्याच्याच काखेत सापडली, आणि हे सहांतलं सगळ्यात अवघड होतं. प्रत्येक प्रकरणाचा अहवाल तो तोंडी सांगायचा, ताई सुवाच्य अक्षरात लिहायची आणि तो न वाचता सही ठोकायचा. नोकरीतही त्यानं एखादा कागद वाचून सही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "विश्वास, ताई, विश्वास," तो म्हणायचा. आळसाला इतकं भारदस्त नाव ताईनं दुसरीकडे कुठे ऐकलं नव्हतं.

सातवं प्रकरण तळ्याचं.

तळं चार गल्ल्यांचं सामाईक होतं. त्यामुळे तळं आपलं आणि त्यातला कचरा इतरांचा, असं चारही गल्ल्यांचं ठाम मत होतं. प्रत्यक्षात ते राखत होते ते माळीबुवा. बावीस वर्षं ते शेवाळ काढत होते, लव्हाळी छाटत होते आणि फाटकाजवळच्या काळ्या पाटीवर रोज खडूनं एक ओळ लिहीत होते. 'खंड्या आज जोडीनं आला.' 'कमळाला पहिली कळी.' 'बेडूक बोलायला लागले.' ताई सकाळी दुकान उघडण्याआधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर ती ओळ वाचायची. दिवसभर तिची मान मशीनवर वाकलेली. ती पाटी नसती तर ऋतू बदलल्याचं तिला गिऱ्हाइकांच्या बाह्यांवरूनच कळलं असतं, लांब झाल्या की थंडी आणि आखूड झाल्या की उन्हाळा.

दर थंडीत तळ्यावर पाहुणी बदकं यायची आणि ऊन तापू लागलं की उडून जायची. यंदा सगळी गेली, एक राहिलं. ते पाण्यावर धावायचं, पंख आपटायचं, चार हात पुढे जायचं आणि धपकन बसायचं. तळं समितीचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, दोन दिवस दुर्बिणीतून बघत बसले आणि निकाल देऊन मोकळे झाले. बदकाचे पंख कापलेत. कात्री कुणाकडे आहे? माळ्याकडे.

"रविवारी सकाळी तळ्यावरच सभा घेतो," डॉक्टर भिंगसाहेबाला म्हणाले. "माळ्याला काढायचा ठराव तयार आहे. तुम्ही फक्त पुरावा आणा."

निकाल आधी आणि पुरावा मागून, ही पद्धत भिंगसाहेबाला फार पसंत पडली. ताईला मात्र पाटी आठवली. माळीबुवा गेले म्हणजे पाटी गेली. दुसरा कोणी आला तर तो शेवाळ काढील, पण बेडूक बोलायला लागले हे लिहील थोडंच?

भिंगसाहेब काठावरच्या चिखलात दोन तास रांगला. उठला तेव्हा त्याच्या गुडघ्यांकडे बघून ताईला आधी धुवायची विजार दिसली आणि मग भाऊ.

"पाच जणांच्या पावलांचे ठसे," तो कुजबुजला. ती कुजबूज पलीकडच्या काठावर ऐकू गेली. "आणि जागोजागी पावाचे कण. यावरून काय सिद्ध होतं?"

"काय?"

"गुन्हेगार न्याहारी करतो! आता हा ठसा बघ. उजवी टाच झिजलेली, तळाला चांदणीची नक्षी... ताई, हा तर माझाच बूट!"

"मग?"

"मग काय? गुन्हेगार माझे बूट घालून आला होता. हिंमत बघ मेल्याची!"

ताईनं मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. त्याचं कारण पाचवा ठसा. तो बायकी चपलेचा होता आणि चपलेचा पट्टा तुटून तारेनं बांधलेला होता. ती चप्पल या क्षणी तिच्याच पायात होती.

तळ्याकाठी पत्र्याचा एक फलक होता: 'पक्ष्यांना काहीही खाऊ घालू नये.' हा नियम भिंगसाहेबानं सुचवला, डॉक्टरांनी उचलून धरला आणि सगळ्यांनी हात वर करून संमत केला. ताईचाही हात वर होता. आणि तरीही रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की ती आजूबाजूला बघून पावाचे दोन तुकडे पाण्यात टाकायची. ते बदक तिला ओळखायला लागलं होतं. दिवसभरात तिला कोणी ओळखून जवळ येत असेल तर तेवढंच. दोन तुकड्यांनी काय होतंय, असं ती स्वतःला सांगायची आणि स्वतःला फसवायला भिंग लागत नाही.

शनिवारपर्यंत भिंगसाहेबाकडे सिद्धान्तांचा ढीग जमला. बदक पलीकडच्या वस्तीचा हेर आहे. बदक बदकच नाही, कोंबड्याला रंग दिलाय. डॉक्टरांच्या क्ष-किरण यंत्रामुळे त्याला दिशा कळेनाशी झालीय. हा शेवटचा डॉक्टरांना आवडला नाही, म्हणून तो मागे घेण्यात आला. मग त्याचं लक्ष पाटीकडे गेलं. तीन आठवड्यांपूर्वी माळीबुवांनी एक ओळ लिहिली होती आणि त्या दिवसापासून ती पुसली नव्हती: 'बदक जड झालंय.'

"सांकेतिक संदेश!" भिंगसाहेब ओरडला. "बदक जड कशानं होतं? सोन्यानं! डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातून कधी सोन्याचा दात गेलाय?"

डॉक्टर दचकले. "दोन वर्षांपूर्वी एक गेला होता."

"गेला नव्हता, गिळला होता. माळ्यानं चोरला, बदकाच्या पोटात लपवला आणि माल घेऊन पळू नये म्हणून पंख कापले. उद्या ओळखपरेड घेतो. सगळ्यांना ओळीत उभं करायचं. बदक आपल्या छळकर्त्यासमोर आलं की किंचाळून मागे सरेल."

त्या ओळीचा साधा अर्थ घ्यावा असं दोघांच्याही मनात आलं नाही. दोघेही शिकलेले होते.

रात्री ताईनं ठरवलं, उद्या सगळ्यांसमोर कबूल करायचं. सकाळी ठरवलं, आधी जरा बघू. सभेला जाताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

तळ्याकाठी सभासद ओळीत उभे राहिले. एका टोकाला माळीबुवा, हातात टोपी. त्यांची कात्री कापडात गुंडाळून टेबलावर पुराव्यासाठी ठेवली होती. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या वहिनी सभेसाठी बिस्किटांची टोपली घेऊन आल्या आणि मजा बघत बाजूला उभ्या राहिल्या.

"साक्षीदाराला पाचारण करा!" भिंगसाहेब म्हणाला.

पाचारणाची गरजच नव्हती. एवढी माणसं काठावर बघून बदक आपणहून बाहेर आलं. डुलत डुलत ते माळीबुवांच्या पुढून गेलं. त्यांच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. ते थेट भिंगसाहेबापुढे थांबलं आणि त्याच्या कोटाचा खिसा ओढू लागलं.

"बघा," भिंगसाहेब गहिवरून म्हणाला. "न्याय मागतंय."

खिशातून पावाचा तुकडा खाली पडला. बदकानं तो गिळला आणि डॉक्टरांची पिशवी गाठली. तिथून पाव मिळेना तेव्हा त्यानं डॉक्टरांच्या पोटरीला चोच मारली. ती चोच सवयीची होती, लाडातली होती. मग ते निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलं, त्यांच्या सूनबाईंकडे गेलं आणि शेवटी ताईसमोर येऊन मान वर करून उभं राहिलं.

ताईला राहवलं नाही. "मी देते याला पाव," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. नियम मोडून. माळीबुवांना यात ओढू नका."

मग वहिनी खळखळून हसल्या.

"अहो, म्हणजे कुत्री नाहीतच की काय तुमच्याकडे?"

"कसली कुत्री?" डॉक्टरांनी विचारलं, पण हळू.

"तुम्हीच सांगता ना! साहेब रोज पहाटे शिळा पाव नेतात, कुत्र्यासाठी. डॉक्टर न्याहारीच्या वेळी नेतात, कुत्र्यासाठी. मुख्याध्यापक दुपारी, सूनबाई चारला आणि ताई दिवेलागणीला. मी म्हणायची, या गल्लीत एवढी कुत्री आणि एकसुद्धा भुंकत कसं नाही?"

"मी फक्त दोन तुकडे..." डॉक्टर म्हणाले.

"मीसुद्धा," मुख्याध्यापक म्हणाले.

"मला वाटलं, बिचाऱ्याकडे कोणीच बघत नाही," सूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी सासऱ्यांकडे बघायचं टाळलं.

माळीबुवांनी बदक उचललं आणि त्याचा पंख पसरून दाखवला. एकूण एक पीस जागेवर होतं. मग वहिनींनी बेकरीतला तराजू आणवला. समितीच्या पक्ष्यांच्या पुस्तकात या जातीचं वजन एक किलोच्या आसपास लिहिलं होतं. बदक एक किलो नऊशे भरलं.

"तराजू खोटा आहे!" भिंगसाहेब गरजला.

"शिक्का तुमचाच आहे, साहेब," वहिनी म्हणाल्या.

भिंगसाहेबानं भिंग काढलं, शिक्का नीट पाहिला आणि भिंग परत खिशात ठेवलं.

"माळीबुवा, तुम्हाला हे ठाऊक होतं?" ताईनं विचारलं.

"होतं की, ताई. सगळ्यांच्या वेळा पाठ आहेत मला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"नियम करणारे तुम्ही, मोडणारे तुम्ही. तक्रार करायची तर तुमच्याकडेच. म्हणून पाटीवर लिहिलं. म्हटलं, कोणीतरी वाचेल." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "मला फक्त कात्री कुठे ठेवता, एवढंच विचारलं सगळ्यांनी."

ताईनं रोज दोनदा ती ओळ वाचली होती. तीन आठवडे. तिला भिंगसाहेबावर हसायचा जो काही हक्क होता तो त्या क्षणी संपला आणि ते तिला फार लागलं.

ठराव डॉक्टरांनी घडी घालून खिशात टाकला. कात्री माळीबुवांना ताईनं स्वतः नेऊन दिली. वहिनींनी शिळा पाव विकणं बंद केलं. बदकानं आठवडाभर पाचही जणांच्या दारासमोर येऊन आरडाओरडा केला, मग नाइलाजानं पाण्यात डोकं घालून स्वतःचं स्वतः शोधायला लागलं. बाह्या पुरत्या आखूड झाल्यावर एका सकाळी ते पाण्यावर धावलं, पंख आपटले आणि या वेळी बसलं नाही. ताईनं दुकानाच्या दारातून पाहिलं. हातातला टेप तसाच लोंबत राहिला. पाटीवर त्या दिवशी ओळ होती: 'राहिलेलं एक गेलं. उशिरा, पण गेलं.'

"लिही," संध्याकाळी भिंगसाहेब म्हणाला. "'प्रकरण सातवं. आमच्या कडक पाळतीला घाबरून संशयित फरार. तपास यशस्वी.' लिहिलंस?"

"लिहिलं," ताई म्हणाली.

तिनं लिहिलं होतं: 'बदक जड झालं होतं. आम्ही पाच जणांनी केलं. माळीबुवांनी सांगितलं होतं, आम्ही वाचलं नाही.'

तिनं कागद पुढे सरकवला आणि भिंगसाहेबानं नेहमीसारखी झोकात सही ठोकली.