तिसऱ्या भागाची प्रिंट खराब हाय

लिंबाजीमामा मंगळवारी वारला. त्या दिवसापासून ठाणाकुशनूरमध्ये तिसरा भाग बघायला कुणाची मनाई उरली नाही.

भाग ‘नीला ग्रह’ या सिनेमाचा. परदेशी सिनेमा, हिंदीत आणलेला, एकूण सात भाग. एक कप्तान, त्याचं यान, आणि दर वेळी कुठला तरी ग्रह वाचवायचा. मामाने हे सात भाग जन्मभर पाहिले. बिदरजवळच्या कोळारच्या एका गोदामात तो कामाला होता. ट्रक भरायचा असला की हमालांना म्हणायचा, “यान भरा.” संध्याकाळी शटर ओढलं की, “बसा आता. हवा बाहेर जायची न्हाई.”

त्याच्याकडे एक हेल्मेट होतं. गाडी नव्हती. हेल्मेट मांडीवर घेऊन तो बसने बिदरला जायचा, आणि टीव्हीवर सिनेमा लागला की ते डोक्यात घालून बसायचा. कंडक्टर विचारायचा, “मामा, गाडी कधी घ्यायलाव?”

“मला पायजे ती अजून निघाली न्हाई.”

कुठलीही अडचण आली की मामाचा सवाल ठरलेला. “कप्तान असता तर काय केलं असतं?” उत्तरही ठरलेलं. “आदी चहा पिला असता.” सातही भागांत कप्तान एकदाही चहा पीत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या भागाच्या शेवटी कप्तानाची आई शत्रूच्या यानात अडकते आणि ते यान अंधारात निघून जातं. हा भाग मी उदगीरच्या टॉकीजमध्ये आईच्या मांडीवर बसून पाहिला. सात वर्षांची होते. त्याच वर्षी आई गेली आणि मी मामाकडे राहायला आले. पुढे तिसरा भाग बिदरला लागल्याचं कळलं, तेव्हा मी मामाला एकच विचारलं, कप्तानाची आई परत येते का ते बघून ये.

रविवारी तो आला आणि ओट्यावर बसला. सगळी गल्ली जमली.

“येते की,” तो म्हणाला. “आईनं काय केलं, शत्रूला भाकर करून घातली. त्यो पोटभर जेवला आन् झोपला. हिनं यान वळवलं आन् सरळ घरी.”

“आकाशात ज्वारी कुठनं आली वं मामा?” कुणीतरी विचारलं.

“आई हाय ती. तिच्याकडं असतीच.”

पुढच्या भागांत आई कुठेच दिसेना, तरी मामाकडे उत्तर तयार असे. चौथ्यात ती घरी सैपाक करायलीय. पाचव्यात तिचे गुडघे दुखायलेत. “दर वेळंला म्हातारीला लढायला नेतेत का?”

मात्र तिसरा भाग गावात कुणी बघायचा नाही. एकदा तो टीव्हीवर लागणार होता, तर मामाने खांबावरची केबलच तोडली. केबलवाला धावत आला.

“मामा, वायर कामून तोडलाव?”

“तिसऱ्या भागाची प्रिंट खराब हाय.”

“टीव्हीला कसली प्रिंट?”

“तू मला शिकवायलास?”

मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाला मामाने पगार विचारला नाही. नीला ग्रह कुठवर पाहिलाय, एवढंच विचारलं. मुलगा खूश होऊन म्हणाला, सगळे सात. मामाने पाहुण्यांना पोहे खाऊ घालून वाटेला लावलं. मला म्हणाला, “पोरगा बरा न्हाई. लई सिनेमे बघतो.” तेव्हा हेल्मेट त्याच्या काखेतच होतं.

मला पुस्तकांचा नाद, सिनेमाचा नाही. शिवाय तिसऱ्या भागाची गोष्ट मला माहीत होती. म्हणून मी तो कधी शोधला नाही.

आमच्या बौद्ध लोकांत पुण्यानुमोदनाला वंदना झाली की ज्याला वाटेल तो गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलतो. मामाच्या वेळी गल्लीतले लोक बोलले, केबलवाला बोलला. शेवटी गोदामातले बसवराजअण्णा उठले. त्यांची मराठी कानडी वळणाची.

“तिसरा पार्ट आम्ही दोघं मिळून बघितलो,” ते म्हणाले. “त्यात आई मरते की. हा मधीच उठून भायेर गेला. मी मागं गेलो. कामून उठलास रे म्हणून विचारलो. तर म्हणतो, अण्णा, भाची वाट बघायलीय. तिला काय सांगू?”

केबलवाला माझ्याकडे बघत होता. मला काय करावं ते सुचेना. मग मी उठले आणि सगळ्यांना चहा केला.

मामाच्या पत्र्याच्या पेटीत सीडी निघाल्या. एक, दोन, चार, पाच, सहा, सात. हेल्मेट माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. तिसरा भाग मी अजून पाहिलेला नाही. मामाने सांगितलेला मला पाठ आहे.