सुभेदारांच्या मरणाची रंगीत तालीम

"पैशाच्या बाबतीत माझं घर म्हणजे किल्ला आहे, किल्ला! सुरुंग लावा, वीट हलणार नाही!"

सुभेदारांचं हे वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं. पलटणीत असताना जवानांना पैशाच्या नियोजनाचे धडे देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "आधी बचत, मग चैन! विमा काढा! नॉमिनी नीट लिहा! गोळी काही पत्ता विचारून येत नाही!" जवान भराभर माना डोलवत, कारण ज्याची मान डोलली नाही त्याला मैदानाला फेऱ्या माराव्या लागत.

आता ते निवृत्त होऊन भाड्याच्या दोन खोल्यांत आले होते. त्यांच्या बायकोचं अर्धं आयुष्य काळ्या पत्र्याच्या पेट्या भरण्यात आणि रिकाम्या करण्यात गेलेलं. सरकारी क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायची बंदी! तिला एकच हवं होतं, स्वतःची भिंत. जागा ठरली होती. आज संध्याकाळी चारच्या आत बँकेतून पैसे काढून इसार भरायचा, नाहीतर जागा जाणार एका दंतवैद्याच्या घशात. तो टपूनच बसला होता.

आणि नेमक्या त्याच सकाळी सुभेदारांनी शिट्टी फुंकली!

"एवढी मोठी मोहीम सरावाशिवाय नाही! समज, मी आत्ता मेलो. तू काय करशील?"

"आधी दूध उतरवीन."

"चेष्टा नको! बँक, कागद, सगळं तू एकटीनं बघायचं. सराव अगदी खराखुरा हवा. पुन्हा शिट्टी वाजेपर्यंत मला काही विचारायचं नाही. मेलेला माणूस बोलत नसतो!"

एवढं बोलून सुभेदार बुटांसकट खाटेवर सावधानमध्ये आडवे झाले.

त्या काळी फोन गल्लीत एकच, शेजारच्या मास्तरीणबाईंकडे. बायको तिकडे गेली आणि हुकमाप्रमाणे खऱ्याखुऱ्या आवाजात बँकेला म्हणाली, "आमचे हे सकाळीच गेले. आता मी काय करू?"

आतल्या खोलीत मास्तरीणबाईंच्या हातून कपबशी पडली.

बायको परतली ती तणतणतच. खाटेपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बँकेतला कारकून म्हणतो, पैसे नॉमिनीला मिळतील. नॉमिनी कोण, तर तुमची आई!"

प्रेताचा डावा डोळा उघडला.

"सासूबाई जाऊन किती वर्षं झाली! त्यांना पैसे पोचवायला कोण जाणार? तुम्ही?"

प्रेताच्या मिशा थरथरल्या. खातं काढलं तेव्हा सुभेदार बिनलग्नाचे रंगरूट होते. पुढं दुनियेचे नॉमिनी बदलून दिले, स्वतःचा राहिला!

"अगं..."

"गप्प! मेलेला माणूस बोलत नसतो!"

तेवढ्यात दार ढकलून अर्धी गल्ली आत! पुढं पांढऱ्या फुलांचा हार घेतलेल्या मास्तरीणबाई. "कालच नळावरून माझ्याशी भांडले हो! किती छान भांडायचे!"

मागून शिंपीदादांनी उसासा टाकला. "त्यांचा नवा कोट तयार आहे. बाह्या कापल्या तर आमच्या मेव्हण्याला होईल म्हणा..."

"कोटाला हात तर लाव!" प्रेत ताडकन उठून बसलं.

मास्तरीणबाई किंचाळून शिंपीदादांच्या अंगावर कोसळल्या. हार मात्र सोडला नाही!

गल्लीची समजूत घालून नवरा-बायको बँकेत पोचेपर्यंत दुपार उलटली. बघतात तर खात्यावर लाल फुली.

"खातेदार हयात नाहीत," कारकून म्हणाला.

"खातेदार मीच!"

"फोनवर मरायला मिनिटभर पुरतं, साहेब. जिवंत व्हायला अर्ज लागतो. आणि दोन साक्षीदार."

घड्याळ तीनच्या पुढं सरकलेलं! बायकोच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते पाहून किल्ला पहिल्यांदाच हादरला. सुभेदार गल्लीपर्यंत असे धावले, की पलटणीत फेऱ्या मारलेल्या प्रत्येक जवानाचा आत्मा तृप्त व्हावा! मास्तरीणबाईंना आणि शिंपीदादांना ओढतच घेऊन आले.

"हे गृहस्थ जिवंत आहेत का?" कारकुनानं विचारलं.

"आत्ता आहेत," मास्तरीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "सकाळी नव्हते."

कारकुनाचं पेन थांबलं. शिंपीदादांनी घाईघाईनं सुभेदारांना चिमटा काढला. सुभेदार ओरडले. तो पुरावा ग्राह्य धरला गेला!

पैसे मोजून घ्यायच्या आधी बायकोनं आणखी एक फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला. सुभेदारांनी खाली मान घालून नॉमिनी बदलला. जागेच्या मालकाकडे इसार भरून ते बाहेर पडत होते, तेव्हा दंतवैद्य जिना चढत होता.

नव्या घरात बायकोनं पहिलं काम केलं ते भिंतीत खिळा ठोकायचं. सुभेदार खुशीत येऊन म्हणाले, "कुणाचा फोटो लावणार?"

"तुमचाच."

"हार घालून?"

"हाराची घाई नाही," ती हातोडी खाली ठेवत म्हणाली. "पण नॉमिनी आता मी आहे. पुढचा सराव खुशाल हवा तितका वेळ करा!"

सुभेदारांची शिट्टी त्यानंतर कुणी ऐकली नाही.