पाकीट न फोडणारे परुळेकर

आमचे परुळेकर स्वतःला आलेली ई-मेलसुद्धा उघडायचे नाहीत. हो, स्वतःची! "बाई, आत काय लिहिलंय ते हवंय कुणाला? कुठून आलं, कधी आलं, केवढं आलं, एवढं बघावं. पाकीट फोडू नये," म्हणायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वागळे इस्टेटला आमचं ऑफिस, आणि ठाणे, कल्याण, नाशिक अशी सगळीकडची कॉम्प्युटरची मशीनं नुकतीच एकमेकांना जोडलेली. परुळेकर काचेच्या थंडगार खोलीत स्वेटर घालून त्यांच्यावर नजर ठेवायचे. पडद्यावर प्रत्येक मशीनची एक रेघ. ये-जा वाढली की वर, थांबली की आडवी. तेवढ्यावरून हा गृहस्थ लोकांच्या कुंडल्या मांडायचा!

"खरेदीतल्या सावेचं जमतंय हं."

"कशावरून?"

"जेवण झालं की नाशिकला बारकं बारकं जातं, आणि तिकडून लगेच उलट येतं."

थोड्याच दिवसांत सावेने पेढे आणले. एकदा माझंच मशीन अचानक सगळ्यांना धडाधड काहीतरी पाठवायला लागलं. परुळेकर अनवाणी धावत आले आणि माझ्या टेबलाखालची वायर उपटली. व्हायरस होता म्हणे. माझा चहा सांडला तो सांडलाच, पण कंपनी वाचली.

अशा या माणसाचा सख्खा मोठा भाऊ आमच्याच कल्याणच्या ऑफिसात होता. बहिणीच्या लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून दोघांत अबोला. हे डोंबिवलीला, दादा कल्याणला, पण दिवाळीलासुद्धा एकमेकांकडे जाणं नाही.

एकदा कल्याणच्या ऑफिसात सत्यनारायण होता. मी कंपनीच्या जीपमध्ये बसतेय तोच परुळेकर स्वेटरसकट धावत आले आणि आत घुसले. म्हटलं, चला, तीर्थप्रसादाच्या निमित्ताने का होईना, भावाचं तोंड बघतायत!  वाटेत मात्र ड्रायव्हरला मधूनमधून, "जरा हाण ना रे!"

दादा सोवळं नेसून पूजेला बसलेले. परुळेकर दारातच थबकले, धापा टाकत.

"दादा, तू बरा आहेस ना? सकाळपासून तुझी रेघ आडवी पडलीय रे!"

दादांनी वळून आपल्या मशीनकडे पाहिलं. चौरंगाभोवतीची दिव्यांची माळ लावायला कुणीतरी त्यांच्याच मशीनचा प्लग काढला होता.

"अरे, पूजेचं आमंत्रण मेलवर सगळ्यांना पाठवलेलं की!"

"आलेलं," परुळेकर म्हणाले. "बारकं होतं. उघडलं नाही."

अख्खं ऑफिस हसलं. मला मात्र गलबलून आलं. म्हणजे इतके दिवस हा माणूस त्या रेघेवरून भावाची खुशाली बघत होता!

पूजेवरून उठता येईना, म्हणून दादा बसल्या जागेवरूनच ओरडले, "उभा काय राहिलायस गाढवा? चपला काढ, आणि बस इथे माझ्याशेजारी."

दोन दिवसांनी परुळेकरांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. "बाई, कल्याणहून आलंय. चांगलं मोठं आहे."

"मग?"

"फोडलं." ते स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसत होते.

"काय लिहिलंय हो?"

"ते तुम्हाला कशाला हवंय?" म्हणाले, आणि चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.