हे शेवटचं सांगतेय

वेंडेल प्रुइटची रेकॉर्ड कंपनी आईच्या, लोरेनबाईंच्या, घराच्या तळघरात होती. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी रेकॉर्डांचे गठ्ठे रचलेले असत आणि यंत्र सुरू झालं की 'वेट सिमेंट रेकॉर्ड्स'चं कामकाज बंद पडे. तरी वॉशिंग्टनच्या, पंक नावाच्या बंडखोर संगीतानं झपाटलेल्या पोरांत या कंपनीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लोरेनबाईंना मात्र एवढंच दिसे, की कचऱ्याचा डबा भरून वाहतोय आणि त्याला टेकून मुलगा जग सुधारतोय.

नवी रेकॉर्ड 'ब्लंट पेन्सिल' या बँडची होती. हा बँड गेला असता तर तळघरात नुसतं धुणंच उरलं असतं. गाणी संपल्यावर रेकॉर्डच्या मध्याकडे जी कोरी पट्टी उरते, तिच्यावर एखादं वाक्य कोरायची या मंडळींची पद्धत. गायक वॉननं निवडलं होतं, 'कोणाचंही ऐकू नका.' ते कारखान्याला कळवायचं वेंडेल साफ विसरला. शेवटी कारखान्यातल्या माणसानंच फोन केला, आणि तो उचलला लोरेनबाईंनी.

"वेंडेलचं काय लिहायचं ते राहिलंय. सांगता का? थोडक्यात हं, जागा कमी आहे."

निरोप लिहून घेणारा मित्र मुलाला मिळाला, याचं बाईंना फार बरं वाटलं.

"लिहा. कचरा बाहेर टाक. हे शेवटचं सांगतेय."

"अगदी असंच?"

"अस्संच. आणि ठसठशीत लिहा, त्याला एरवी दिसत नाही."

रेकॉर्डी आल्या. वॉननं एक दिव्याखाली तिरपी धरली, वाचली आणि यंत्रावर बसकण मारली.

"हे काय आहे?"

"आई," वेंडेल म्हणाला.

"तुझ्या आईनं माझ्या रेकॉर्डवर लिहिलंय?"

"अरे, निरोप होता तो. मला."

"मग तुझ्या कपाळावर कोरायचा. शनिवारी स्टेजवरनं सांगतो सगळ्यांना, आम्ही ही कंपनी सोडली. तू आणि तुझी आई काढा आता रेकॉर्डी."

बाकीचा माल परत मागवायचीही सोय नव्हती, कारण कारखान्यानं तो परस्पर दुकानांत धाडला होता. वेंडेलला रडू यायचंच बाकी होतं.

शनिवारी चर्चच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वॉन माइकपाशी आला. त्यानं तोंड उघडायच्या आत हिरव्या केसांची एक मुलगी पुढून ओरडली, "कचरा बाहेर टाक!"

"हे शेवटचं सांगतेय!" अख्खं सभागृह गरजलं. सगळ्यांच्या मुठी सरकारी इमारतींच्या दिशेनं उठल्या होत्या.

वॉननं कंपनी सोडल्याची घोषणा गिळली आणि गाणं सुरू केलं. कार्यक्रमानंतर पंक मासिक काढणाऱ्या एकानं त्याला विचारलं, "असं जळजळीत सुचतं कसं रे?"

"संतापातून," वॉन म्हणाला. तेवढं मात्र खरं होतं.

कंपनी सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढच्या रेकॉर्डच्या वेळी वॉनचा फोन आला.

"बोल, मी वेंडेल. वाक्य ठरलं का?"

"तू नको. काकूंना दे."

लोरेनबाई हात पुसत आल्या. त्यांनी फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं आणि वेंडेलकडे नखशिखांत पाहिलं.

त्या काही बोलायच्या आत वेंडेलनं कचऱ्याचा डबा उचलला.