पाठमोरी माणसं

चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "तुझे फोटो चांगले आहेत, पण ते कुणीही काढले असते. प्रदर्शनासाठी एकच आण, पण तुझा वाटेल असा आण."

झालं! माझं जेवणात लक्ष लागेना. स्वतःची शैली आणायची कुठून? (दुकानात मिळत असती तर आईने घासाघीस करून दोन आणल्या असत्या.) खिडक्या काढल्या, चपला काढल्या, दुधावरची साय काढली. सगळं आधीच कुणीतरी काढून ठेवल्यासारखं वाटायचं.

मला खरं तर माणसं टिपायची होती. पण समोर जाऊन "फोटो काढू का?" असं विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून ठरवलं, माणसं पाठीमागून टिपायची. (भित्रेपणाला शैली म्हटलं की कसं भारदस्त वाटतं!)

सुरुवात घरातून केली. ओट्यापाशी आई, कपाटात डोकं घातलेली ताई आणि मान खाली घालून पेपर वाचणारे बाबा. बाबांचा फोटो तर असा जमला, की काय सांगू! तिरपं ऊन, काळंभोर रान आणि मधोमध लख्ख गोल उजेड. मी धावत जाऊन सगळ्यांना दाखवला.

"कोण गं हे?" बाबांनी विचारलं.

आई आणि ताई बाबांच्या डोक्याकडे बघू लागल्या. बाबांचा हात हळूहळू डोक्यामागे गेला.

"हा... मी?"

"अहो, कधीपासूनचं आहे ते," आई म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," ताई म्हणाली. "डोकं तुमचंच आहे ना!"

"खबरदार हा फोटो शाळेत गेला तर!"

बाकीचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. त्यांत नुसत्या पाठी होत्या. शेवटी मी बाबांच्या फोटोतले कान कापले, कॉलर कापली. उरलं फक्त रान आणि उजेड.

"आता ओळखू येतंय?" मी कसंबसं विचारलं.

बाबांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"कुणाला ओळखू येणार?" आई म्हणाली. "तुम्हाला स्वतःला तरी आलं होतं का?"

बाबांनी फोटो माझ्या हातात ठेवला. परवानगी मिळाली.

प्रदर्शनात फोटोपुढे ही गर्दी! "चंद्रोदय आहे." "छे, जंगलातलं तळं." कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांना राहवेना. ते पुढे गेले, हात मागे बांधले आणि फोटोखालचं माझं नाव वाचायला मान खाली घातली.

मागे सगळ्यांच्या नजरा फोटोवरून बाबांवर, बाबांवरून फोटोवर. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसू लागला.

बाबा वळले. "काय झालं?"

सगळे घाईघाईने फोटोकडे बघू लागले.

"तळंच आहे ते," बाबांनी ठणकावून सांगितलं आणि पुन्हा पाठ फिरवली.

मी खांबाआड लपले होते. तिथे बाई आल्या.

"सापडली बरं का तुझी शैली!"

बाई आणखी जवळ आल्या.

"फक्त तुझ्या बाबांना जरा बाजूला व्हायला सांग. त्यांच्यापुढे फोटो फिका पडतोय."